साडेपाच ते सात

गेल्या महिन्यात आमच्या चिरंजिवांना बक्षीस मिळालं. बक्षीस म्हणजे प्रमाणपत्र. हल्ली बक्षिसाला वजन नसतं, लॅमिनेशन असतं. स्पर्धेचा विषय होता 'मासा रंगवा'. एका छापील कागदावर मासा आधीच काढून ठेवलेला होता. त्याला लांबलचक पापण्या होत्या, तो हसत होता आणि त्याच्या तोंडातून बुडबुडे निघत होते. चिरंजिवांनी तो रेघेबाहेर न जाता गुलाबी रंगवला म्हणून ते पहिले आले. रेघेबाहेर गेलेली मुलं उत्तेजनार्थ आली. एकूण मुलं अकरा आणि बक्षिसंही अकरा, त्यामुळे समारंभ अगदी खेळीमेळीत पार पडला.

हे सगळं पुण्यामुंबईत झालं असतं, तर मी पोराच्या पाठीवर थाप मारून गप्प बसलो असतो. पण मंडळी, हे घडलं हर्णे बंदरात! ज्या खोलीत हा गुलाबी मासा रंगत होता, तिथून दोनशे पावलांवर त्याच वेळी संध्याकाळचा लिलाव चालू होता. होड्या लागल्या होत्या, पाट्या उतरत होत्या, सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी, म्हाकूळ वाळूवर मांडून ठेवलं होतं आणि बोली चढत होती. खिडकी उघडली असती तर मुलांना पन्नास तऱ्हेचे मासे दिसले असते, आणि त्यातला एकही गुलाबी नाही, एकालाही पापण्या नाहीत, आणि हसत तर कुणीच नाही, हे कळलं असतं. पण खिडकी बंद होती. मी चौकशी केली तेव्हा सांगण्यात आलं की, वाऱ्यानं कागद उडतात आणि मासळीच्या वासानं मुलांचं लक्ष विचलित होतं.

लक्ष कशावरून विचलित होतं? माशावरून!

दुसऱ्या दिवशी ते चित्र मी कौतुकानं बँकेत नेलं. बाप झाला तरी माणूसच. माझ्या काउंटरवर बंदरावरच्या एक मावशी रोज भरणा करायला येतात. त्यांच्या नोटा ओळखायला मला चष्मा लागत नाही, नाक पुरतं. मी चित्र दाखवलं. त्यांनी ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं आणि विचारलं, "ह्यो कंचा मासा, भाऊ?"

"असाच. मासा."

"आजारी दिसतोय," मावशी म्हणाल्या. "ह्येला लिलावात कोन घेनार नाय."

त्या दिवसापासून मी हा विषय डोक्यात घेतला आहे, आणि आज तो कागदावर काढतो आहे. म्हणणं एवढंच, की शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा जो वेळ आहे, तो पोरांच्या मालकीचा आहे. तो आपण मोठ्या माणसांनी परस्पर विकायला काढला आहे, आणि वर पोरांनी आपले आभार मानावेत अशी आपली अपेक्षा आहे.

आता दोष एकट्या त्या वर्गाचा नाही. पावती मीच फाडली होती. झालं असं, की दोन वर्षांपूर्वी आई गेली. ही नोकरीला दापोलीत, संध्याकाळच्या एस.टी.नं घरी यायला सात वाजतात. बँकेचं शटर चारला पडतं म्हणून लोक आमचा हेवा करतात, पण ते गिऱ्हाइकांसाठी पडतं. आमच्यासाठी ते सातलाच उघडतं. शाळा सुटते पाचला. म्हणजे रोज दोन तास आमचं पोर कुणाचंच नसतं. आई होती तोवर हा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता. खात्यात शिल्लक आहे तोवर पासबुक कोण उघडून बघतो?

आईनं उभ्या आयुष्यात एकही 'ॲक्टिव्हिटी' घेतली नाही. ती ओटीवर बसून तांदूळ निवडायची. आळीतली सहा-सात पोरं अंगणात असायची. कुणी रडलं तर ती मान वर करून बघायची, आणि कुणीच रडत नसलं तर जास्त काळजीनं बघायची. मध्येच एकदा प्रत्येकाच्या हातावर शेंगदाणे आणि गुळाचा खडा पडायचा. दिवेलागण झाली की पोरं पांगायची. हा 'प्रोग्रॅम' तिनं तीस वर्षं चालवला. तिला कुणी 'संचालिका' म्हटलं नाही, आणि मीही नाही. ती गेल्यावर एका महिन्याच्या आत मला त्याच कामाची फी भरावी लागली, तेव्हा कुठं त्या तांदळाचा भाव कळला.

तर वर्गात नाव घातलं. वेळापत्रक मिळालं. सोमवारी अबॅकस, मंगळवारी चित्रकला, बुधवारी वैदिक गणित, गुरुवारी हस्ताक्षर सुधार, शुक्रवारी व्यक्तिमत्त्व विकास. (पोराचं व्यक्तिमत्त्व शुक्रवारी साडेपाचला विकसित व्हायला लागतं आणि सातला थांबतं.) शनिवारच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मुक्त खेळ. ऐच्छिक. शुल्क वेगळे.'

ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. बँकेत आम्ही सर्व्हिस चार्ज लावतो, त्यावरून लोकांचे बोल खातो. पण खातेदाराचेच पैसे खातेदाराला दाखवण्याची फी घ्यावी, हे आमच्या हेड ऑफिसलाही अजून सुचलेलं नाही.

मग आलं किल्ल्याचं प्रकरण. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आमचा सुवर्णदुर्ग आहे. गावाला आनंद झाला, वर्गाला 'थीम' मिळाली. पुठ्ठ्याचा सुवर्णदुर्ग बाहेरगावाहून पाकिटात आला. भिंती आधीच कापलेल्या, बुरुजांवर नंबर टाकलेले. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सला तो किल्ला घ्यायला तोफा डागाव्या लागल्या, आमच्या वर्गानं तो पाऊण तासात फेव्हिकॉल लावून उभा केला. खरा किल्ला समोर समुद्रात. वर्गातल्या त्याच बंद खिडकीच्या पलीकडे.

आम्हीही किल्ले केले. दिवाळीत. माती कुठून चोरायची इथपासून भांडणं असायची. बुरूज रात्रीतून ढासळायचा, मोहरी उगवायची नाही, मावळा शिवाजीमहाराजांपेक्षा उंच निघायचा, आणि कुणाच्या तरी कुत्र्याला तटबंदी विश्रांतीसाठी पसंत पडायची. त्या किल्ल्यात मोठ्या माणसाचा हात लागला, तर तो बाद समजला जाई. पुठ्ठ्याच्या किल्ल्यात पोराचा हात लागू नये याची काळजी कारखान्यातच घेतलेली होती. फरक आहे तो एवढाच, पण तो बारीक नाही.

हे सगळं मी आमच्या कट्ट्यावर बोललो, तर माझ्यावर चहूबाजूंनी हल्ला झाला. एकेकाला क्रमानं घेतो.

पहिले म्हणाले, "समुद्राचं गाव. पोरं मोकळी सोडली आणि काही झालं म्हणजे?" हे मी हसण्यावारी नेत नाही. समुद्राला थट्टा कळत नाही. पण म्हणूनच विचारतो, की समुद्राच्या गावातल्या पोराला समुद्र कुणी शिकवायचा? बुधवारी वैदिक गणितात पहिल्या आलेल्या आमच्या चिरंजिवांना मी विचारलं, आज भरती किती वाजता? ते म्हणाले, "यूट्यूबवर बघू या?" तोच प्रश्न मावशींच्या नातवाला विचारला. वय वर्षं आठ. त्यानं आधी मलाच उलटं विचारलं, "आज तिथी कंची?" अष्टमी, म्हटलं. "मग सहा वाजता." तिथीला पाऊणनं गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण पाण्यापासून कधी लांब राहायचं ते समजायला पुरेसं आहे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, तिचं हे पाऊणकीचं कोष्टक कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. तेव्हा सुरक्षितता कुणाच्या पदरात जास्त आहे, ते तुम्हीच ठरवा.

दुसरे म्हणाले, "वर्गाला नाही घातलं, तर मोबाईल घेऊन बसेल." अगदी बरोबर. पण वर्गातून आल्यावर तो काय करतो ते मला विचारा. मोबाईल घेऊन बसतो! दीड तास दुसऱ्यानं सांगितलेलं करून तो इतका दमलेला असतो, की पुढचा दीड तासही दुसऱ्यानंच सांगावं असं त्याला वाटतं. छापील कागद काय आणि काचेचा पडदा काय, रेघा दोन्हीकडे दुसऱ्याच्याच.

तिसरे शिक्षक होते. त्यांनी थेट साने गुरुजींना माझ्यावर घातलं. "गुरुजी आपल्या दापोली तालुक्यातले, पालगडचे. 'श्यामची आई' वाचलंय ना? श्यामला पोहायला जायचं नव्हतं. आईनं मारून मुटकून पाठवलंच की नाही? ती काय होती? ॲक्टिव्हिटीच!" मी क्षणभर निरुत्तर झालो, कारण 'श्यामची आई'चं नाव निघाल्यावर मराठी माणसाच्या घशात आवंढा येतो आणि आवंढ्याबरोबर वाद घालता येत नाही. पण घरी जाऊन विचार केला. त्या माउलीनं पोराला पाठवलं ते विहिरीवर, जिथं गावातली बाकीची पोरं उड्या मारत होती. घरात बसवून 'पोहणारा मुलगा रंगवा' असा कागद नाही दिला. आणि पोहायला आल्यावर तो श्यामचा आनंद राहिला, तिनं त्याचा तक्ता करून भिंतीला लावला नाही. पोराला खोलीतून ढकलून पाण्यात घालणं आणि पाण्यापासून उचलून खोलीत घालणं, या दोन गोष्टी एकच, असं म्हणायला माणूस बी.एड.च असावा लागतो.

चौथे म्हणाले, "पुढं स्पर्धा फार आहे हो." हे वाक्य ऐकलं, की आमच्यासारख्या बी.कॉम. माणसाला वाटतं, बालपण ही मुदत ठेव आहे. आज अबॅकसमध्ये भरा, वीस वर्षांनी पॅकेज काढा. मी गेली कित्येक वर्षं ठेवींच्या पावत्या लिहितो आहे, म्हणून अधिकारानं सांगतो, की ते मुदत ठेवीचं खातं नव्हेच. ते चालू खातं आहे. त्याच्यावर व्याज मिळत नाही. त्यातली रक्कम त्या त्या दिवशी खर्चायची असते, उरलेली पुढच्या दिवशी ओढता येत नाही. आठव्या वर्षाची संध्याकाळ चाळिसाव्या वर्षी काढायला गेलेली माणसं मी पाहिली आहेत. हर्ण्याला शनिवार-रविवारी मोटारी घेऊन येतात आणि वाळूत बायकापोरांवर ओरडत क्रिकेट खेळतात.

आमच्या शेजारच्या मुरूडचे महर्षी कर्वे. एका परीक्षेसाठी ते घाटातून चालत साताऱ्याला गेले. शंभर मैलांवर अंतर. आणि तिथं पोचल्यावर 'तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस' म्हणून त्यांना परत पाठवलं. आज हे झालं असतं तर पालकांनी वर्ग काढला असता, 'वयाने मोठे दिसण्याची कला, सहा आठवड्यांत.' कर्वे परत आले आणि पुढं एकशेचार वर्षं जगून त्यांनी वयाचा प्रश्न कायमचा मिटवला. स्पर्धेला ते घाबरले असते, तर हिंगण्याची झोपडी उभीच राहिली नसती.

इथवर माझा वाद जोरात चालला होता. मग एक दिवस मावशी भरणा करून थांबल्या. म्हणाल्या, "भाऊ, त्या वर्गात माज्या नातवाला घेतील का वो?"

मी चमकलो. मी ज्या वर्गातून पोराला काढायला निघालो, तिथं ह्यांना नातू घालायचा होता! त्यांच्या सुनेला कोळंबी सोलायचं काम. होड्या उशिरा लागल्या की अंधार पडेपर्यंत बसावं लागतं. पोर शाळेतून थेट बंदरावर. जेट्टीवर चार पोरं आणि चारांच्या मध्ये एक म्हातारी, तिचे डोळे कोळंबीवर. "दिसतात मला पोरं," मावशी म्हणाल्या, "पन दिसनं येगळं आनि बघनं येगळं." फी मी सांगितली. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला (अबॅकसशिवाय) आणि स्लिप घेऊन गेल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की भांडण मी भलत्याच ठिकाणी उकरलं होतं. सांभाळायला कुणीतरी हवं, ही गरज खोटी नाही. ती मावशींच्या सुनेला आहे, माझ्या बायकोलाही आहे. ज्यांना परवडतं त्यांना सांभाळण्याच्या नावाखाली अबॅकस मिळतो, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना काहीच मिळत नाही.

सरकारचा हिशेब तर बघण्यासारखा आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, गावोगाव अंगणवाड्या झाल्या. फार मोठं काम. पण अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत. पुढं शाळा, आणि शाळा सुटली की संपलं. म्हणजे सरकारदरबारी असं गृहीत आहे, की सहाव्या वाढदिवसाला मूल संध्याकाळी पाचनंतर स्वतःच स्वतःला सांभाळू लागतं. १९८९ साली संयुक्त राष्ट्रसंघानं बालहक्कांचा करार केला. त्यातल्या ३१ व्या कलमात विश्रांती, मोकळा वेळ आणि खेळ हा मुलांचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. भारतानं १९९२ साली तो करार मान्य केला. आमच्या वेळापत्रकात ते कलम शनिवारी आहे. ऐच्छिक. शुल्क वेगळे.

आणि हे काही परदेशातून शिकायला नको. स्वीडनमध्ये शाळेनंतर मुलांना सांभाळणाऱ्या जागेला जे नाव आहे, त्याचा अर्थच 'मोकळ्या वेळेचं घर' असा होतो. चांगलं आहे. पण ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला जे काम मांडलं आणि पुढं अनुताई वाघांना बरोबर घेऊन कोसबाडला नेलं, त्यात याहून साधी युक्ती होती. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत? मग बालवाडी त्यांच्या अंगणात न्या. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. मोठी मुलं गुरं राखायला जातात? मग शाळा कुरणात न्या. तिला 'कुरणशाळा' म्हणत. मूल जिथं आहे तिथं बाईंनी जायचं. आपण उलटं केलं. मूल जिथं रमतं तिथून त्याला उचलायचं आणि फी भरून बंद खोलीत बसवायचं. पुण्यात सारसबागेजवळ शोभा भागवतांनी गरवारे बालभवन उभं केलं, तिथं शाळेनंतर पोरं यायची ती खेळायला. खेळणं हेच काम, हे शहरातल्या पालकांना पटवायला त्या बाईंना किती बोलावं लागलं असेल, याची मला आता कल्पना येते.

म्हणून माझी मागणी अगदी किरकोळ आहे. शाळेचं पटांगण पाचला कुलूप लावून बंद होतं, ते सातपर्यंत उघडं ठेवा. एक पत्र्याची शेड, पावसासाठी. पिण्याचं पाणी. एक दोरी, एक चेंडू, आणि मोडलेल्या चार फळ्या, ज्यांचं काय करायचं ते पोरं ठरवतील. मूठभर शेंगदाणे आणि गूळ. आणि एक बाई, जिला दुसरं कुठलंही काम नाही. जी तांदूळ निवडत निवडत मान वर करून बघेल. आणि तिला पगार द्या. माझ्या आईला कुणी दिला नाही, बंदरावरच्या म्हातारीला कुणी देत नाही. प्रेमाचं काम आहे म्हणून बायकांकडून फुकट करून घ्यायचं आणि तेच काम वर्गानं केलं की आगाऊ तीन महिन्यांची फी द्यायची, हा व्यवहार कुठल्याही ऑडिटरनं लाल शाईनं खुणा करावा असा आहे. ग्रामपंचायतीला मी असा अर्ज दिला आहे. तो 'विचाराधीन' आहे.

विचार चालू आहे तोवर मी पोराला वर्गातून काढलं. (फी परत मिळत नाही. अट क्रमांक सात.) म्हातारीला विनंती केली आणि महिन्याचे पैसे ठरवले. ती आधी "आनिक एक पोर, त्येचे कसले पैसे" म्हणाली. मी म्हटलं, घ्या, नाहीतर माझा लेख फुकट जाईल. पण चारांऐवजी पाच पोरं बघायची म्हणजे कोळंबी सोलणं कमी झालं पाहिजे, असं मावशींनीच ठरवून दिलं.

पहिले तीन दिवस चिरंजीव पाटीवर बसून होते. घरी येऊन एकच प्रश्न. "बाबा, तिथं करायचं काय?" खरं सांगतो, हा प्रश्न ऐकून मला त्या गुलाबी माशापेक्षा जास्त भीती वाटली. आठ वर्षांचं पोर, समोर समुद्र, आणि ते विचारतंय करायचं काय! मी काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तो प्रश्न आला नाही. पाचव्या दिवशी हातात मेलेला खेकडा आला. दुसऱ्या आठवड्यात त्यानं मला तिथी विचारली.

आणि परवा सात वाजता मी घरी येतो तो काय, दारात बांगड्यांनी भरलेली अख्खी पाटी आणि तिच्यापलीकडे हिचा चेहरा. मागोमाग मावशी आल्या. चिरंजीव लिलावाच्या कोंडाळ्यात घुसून ऐकत होते. बोली चढत होती. मोजणी येते म्हणून त्यांनी हौसेनं पुढचा आकडा ओरडून सांगितला, आणि नेमकं तिथंच सगळे गप्प झाले. पाटी आमच्या नावावर सुटली!

"वाईट नाय घेतली," मावशी म्हणाल्या. "ताजी हाय. भाव पन बरोबर बोल्ला. उद्या भरन्यातून वळते करा."

आम्ही तीन दिवस बांगडे खाल्ले. आळीत वाटले, बँकेत वाटले, ग्रामपंचायतीतही चार देऊन आलो. अर्जाची आठवण राहावी म्हणून. प्रमाणपत्र काही मिळालं नाही. पण त्या रात्री चिरंजिवांनी स्वतःहून एक मासा काढला. पाठीवर निळसर, हिरवट, वाकड्यातिकड्या पट्ट्या, पोट पांढरं. डोळा गोल, पापणी नाही. रंग सगळीकडून रेघेबाहेर गेला होता.

मी तो बँकेत नेला. मावशींनी लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"बांगडा," त्या म्हणाल्या, आणि पैसे मोजायला लागल्या.